ताडोबा हुकलं, आता बाल्कनीत मचाण: रद्द झालेल्या सफारीनंतरची घरगुती जंगलवारी

बॅगा भरलेल्या, मुलांनी वर्गात सगळ्यांना सांगून झालेलं, आणि ऐन वेळी कुणाला ताप येतो नाहीतर गाडी रद्द होते. सफारी गेली. त्यानंतरचे दिवस पुण्यातल्या बहुतेक घरांत ठरल्यासारखे जातात: पहिला रुसव्यात, दुसरा मोबाईलवर, तिसरा मॉलमध्ये. पण रजा मंजूर आहे, दुर्बीण घरात आहे, पहाटे उठायची मनाची तयारीही झालेली आहे. हे सगळं वाया घालवायचं कारण नाही.

प्लास्टिकचे वाघ मांडून, भिंतीवर हिरवा कागद चिकटवून जंगलाची नक्कल करू नका. सहा वर्षांवरचं मूल त्याला अर्ध्या तासात कंटाळतं आणि मोठे तर दहा मिनिटांत. त्यापेक्षा सफारीचे नियम जसेच्या तसे घरी आणा: ठरलेली वेळ, ठरलेलं फाटक, शांतता, वाट पाहणं, माग काढणं. प्राणी मात्र खरे हवेत, मग ते पाल, कोळी आणि कावळा का असेनात.

१. आधी पैशांचं उरका

एक तास, त्याहून जास्त नाही. आणि हे काम मुलांसमोर करू नका. रद्द झालेल्या सहलीवर मोठ्यांची फोनवरची हुज्जत ऐकली की उरलासुरला उत्साहही जातो.

हाताशी ठेवा:
- सफारीच्या परवान्याची पावती आणि त्यावर नोंदवलेली ओळखपत्रं
- रेल्वे किंवा बसचं तिकीट, पीएनआर क्रमांकासह
- हॉटेल किंवा रिसॉर्टने पाठवलेली खात्री आणि त्यातल्या रद्द करण्याच्या अटी
- पैसे ज्या खात्यातून किंवा कार्डावरून गेले त्याचा बँकेचा मेसेज
- आजारपणामुळे बेत मोडला असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र

रेल्वेनेच गाडी रद्द केली असेल तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात. अशा वेळी घाबरून स्वतः तिकीट रद्द करू नका, नेहमीची कपात होऊन बसायची. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा सुटत असेल आणि तुम्ही जाणारच नसाल, तर ती सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. इथेच बरेच जण चुकतात, दुसऱ्या दिवशी भरू म्हणतात. नवी तारीख मागताना लक्षात ठेवा की ताडोबाचं गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं आणि एरवी दर मंगळवारी सुट्टी असते.

२. साहित्य जमवा

निम्मं घरातच सापडेल. बाकीचं रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, तुळशीबागेत आणि अप्पा बळवंत चौकात एका फेरीत मिळतं. मातीच्या पसरट भांड्यासाठी कुंभारवाडा गाठा.

- दुर्बीण. ८×४२ असेल तर उत्तम. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पटीची दुर्बीण मुलांच्या हातात थरथरते.
- एक चांगली टॉर्च आणि तिच्या तोंडाला बांधायला लाल जिलेटीन कागद व रबरबँड
- १० पटीचं छोटं भिंग
- पांढरी सुती चादर, साधारण दीड बाय दोन मीटर, आणि सुतळी
- बारीक पांढरी रांगोळी दीड किलो, चहाची जुनी गाळणी
- प्लास्टर ऑफ पॅरिस एक किलो (हार्डवेअरच्या दुकानात ‘पीओपी’ मागा)
- हाताएवढा आरसा, खडू, २० चिंचोके, ४ सागरगोटे
- दोनशे पानी वही आणि शिसपेन्सिल. पेन नको, दमट हवेत पसरतं.

दुर्बीण नवी असेल तर आदल्या संध्याकाळी बसवून घ्या. चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्यांकडचे रबरी कप खाली दुमडायचे. मग उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवत डाव्या डोळ्याला समोरची पाटी स्वच्छ दिसेपर्यंत जुळवायचं. नंतर डावा डोळा मिटून फक्त उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवायची. हे न केल्यामुळेच ‘मला काही दिसत नाही’ अशी तक्रार येते. दुसरी चूक म्हणजे पक्षी दिसला की मान खाली घालून दुर्बीण शोधणं. नजर पक्ष्यावरच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवरचा आकडा वाचायची शर्यत लावली की पाचव्या प्रयत्नात जमतं.

३. हद्द आखा, फाटक ठरवा

घराचे झोन पाडा. बाल्कनी, गच्ची किंवा अंगण हे गाभा क्षेत्र. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली हे बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा. सोसायटीचं आवार तिसरा झोन. एका फेरीत एकच झोन. सगळीकडे एकदम पळायची मुभा दिली की काहीच दिसत नाही आणि सगळे चिडतात.

फाटकावर एक जण बसेल. आजी असतील तर त्याच, कारण त्यांच्याशी हुज्जत घालता येत नाही. परवाना दाखवल्याशिवाय बाल्कनीचं दार उघडायचं नाही. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांना मोबाईल नेता येत नाही. तोच नियम इथे. सगळ्यांचे फोन धान्याच्या रिकाम्या डब्यात, आईबाबांचेही. नेमकी ही अट पाळली नाही तर पुढचं काहीच चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गाइड दर फेरीला बदलायचा. गाइड बोलेल तेव्हाच इतरांनी बोलायचं, तेही कुजबुजत. सात वर्षांच्या गाइडने बाबांना ‘खाली बसा साहेब, गाडीतून उतरायचं नाही’ असं दटावलं की समजा सफारी सुरू झाली.

४. सकाळची फेरी आणि ‘कॉल’

वेळ: सूर्योदयाच्या पंधरा मिनिटं आधी बसायचं, दीड तासाने उठायचं. पुण्यात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, मे-जूनमध्ये सहाच्या सुमारास. आठ वाजून गेल्यावर शाळेच्या बस आणि मिक्सर सुरू होतात, मग बसण्यात अर्थ नाही.

कठड्याला जुनी खाकी किंवा मळकट हिरवी चादर बांधा आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर तळहाताएवढ्या दोन-तीन खिडक्या कापा. झालं मचाण. पक्ष्यांना रंगापेक्षा हालचाल जास्त खटकते, म्हणून चादर फडफडणार नाही अशी खालूनही बांधा. स्टुलावर उभं राहून पाहायला सक्त मनाई. कठड्यापासून हातभर मागे, जमिनीवर बसून.

पहिली दहा मिनिटं डोळे मिटून ऐकायचं. कागदाच्या मध्यभागी फुली मारा, ती म्हणजे आपण. ज्या दिशेने आवाज येईल त्या बाजूला खूण करा. टुक-टुक-टुक असा तांब्याच्या भांड्यावर ठोकल्यासारखा एकसुरी आवाज म्हणजे तांबट. इवल्याशा देहातून निघणारी खणखणीत ‘टोविट टोविट’ शिंप्याची. खोल घुमणारं ‘हूप हूप हूप’ भारद्वाजाचं. दयाळ उन्हाळ्यात पहाटे लांबलचक शीळ घालतो, तीही डिशच्या अँटेनावर बसून. कागदावर जिथे खुणांची गर्दी झाली, तिथेच आधी दुर्बीण लावायची.

आता खरी गंमत. जंगलात गाइड वाघ शोधत नसतो, तो कॉल, म्हणजे इतर प्राण्यांच्या धोक्याच्या हाका, ऐकत असतो. वानराची खॅक किंवा चितळाची हाक आली की गाडी तिकडे वळते. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत हीच यंत्रणा रोज चालू असते, आपण फक्त तिला कलकलाट म्हणतो. खार झाडाच्या बुंध्यावर उलटी चिकटून, शेपटी झटकत न थांबता ‘चिक् चिक् चिक्’ करत असेल, तर खाली मांजर आहे असं समजा आणि खारीचं तोंड जिकडे आहे तिकडे पाहा. कावळे एकाच फांदीभोवती जमून ओरडत असतील तर आत घुबड, पिंगळा किंवा दमून बसलेली घार असू शकते. बुलबुल आणि शिंजीर यांनी एकत्र गलका केला तर पानांत शिक्रा शोधा. उलट, एकदम सगळं चिडीचूप झालं तर वर आकाशाकडे पाहा.

खेळ असा: कॉल ऐकू येताच गाइड हात वर करतो. प्रत्येकाने बोटाने दिशा दाखवायची आणि शिकारी कोण ते कानात सांगायचं. मग दुर्बिणीने खातरजमा. बरोबर आलं तर पाच गुण, चुकलं तर शून्य. गुण कापायचे नाहीत, नाहीतर लहान मुलं अंदाज करायचंच सोडतात. दोन-तीन दिवसांत मुलांचे कान मोठ्यांपेक्षा तयार होतात.

आवाजावरून पक्षी सांगणारं मर्लिन अ‍ॅप फेरी संपल्यावर वापरायला हरकत नाही, पण त्याचा अंदाज पुरावा मानू नका. रिक्षाचा हॉर्न आणि शेजारच्या पिंजऱ्यातला पक्षी यांनी त्याचाही गोंधळ होतो.

५. पाणवठा

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून प्राणी मोजायची प्रथा महाराष्ट्राच्या जंगलांत आहे. घरच्या पाणवठ्याला पौर्णिमा लागत नाही. ३०-४० सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम ४-५ सेंटिमीटर खोल असं मातीचं भांडं घ्या. चकचकीत स्टील किंवा गुळगुळीत प्लास्टिक नको, पाय घसरतात. एका बाजूला गोटे रचून उतार करा, म्हणजे चिमणी कडेशी पिते आणि साळुंकी मध्ये उतरून अंघोळ करते.

भांडं झुडपाला खेटून ठेवू नका, मांजर दबा धरून बसतं. दोन मीटर मोकळी जागा आणि जवळ एखादी फांदी किंवा दोरी, जिच्यावर पक्षी आधी बसून अंदाज घेईल. पहिले तीन-चार दिवस कोणीच फिरकत नाही. त्यात बिघडलेलं काही नसतं, नवी वस्तू बघून ते थांबलेले असतात. जागा बदलत राहिलात तर मात्र पुन्हा पहिल्यापासून.

पाणी रोज बदला आणि दोन दिवसांनी भांडं काथ्याने घासा. डेंग्यूचा डास भांड्याच्या कडेला अंडी घालतो, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि तेवढ्यात महापालिकेची नोटीसही येऊ शकते.

दाणे टाकायचे नाहीत. ज्वारी-बाजरी टाकली की आठवड्यात पारव्यांचा कब्जा होतो, लहान पक्षी पळतात, विष्ठेच्या धुळीने दम्याच्या माणसाला त्रास होतो आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येतात.

६. माग काढा: रांगोळीची पट्टी आणि प्लास्टरचा ठसा

कॅमेरा ट्रॅप येण्याआधी वाघांची गणती पावलांच्या ठशांवर होई. वाटेवर बारीक माती पसरून ठेवत आणि सकाळी ठसा काचेवर गिरवून घेत. त्यासाठी महाराष्ट्राच्या प्रत्येक घरात याहून चांगला माल आहे: रांगोळी.

गडद पुठ्ठा किंवा प्लायवूड घ्या, ४० बाय ६० सेंटिमीटर. त्यावर रांगोळी गाळणीने चाळत ३-४ मिलिमीटरचा थर द्या आणि फूटपट्टीच्या कडेने एकदाच हलकेच ओढा. थर जाड झाला तर कडा ढासळतात, पातळ झाला तर बोटांच्या मधली जागा उमटत नाही. चाळताना तोंडाला रुमाल बांधा, दगडाची भुकटी आहे ती. गव्हाचं पीठ वापरू नका. मुंग्या रातोरात पट्टी साफ करतात.

ठेवायची कुठे? मांजर आवाराच्या भिंतीलगत चालतं, मोकळ्या मधल्या जागेतून नाही. म्हणून पार्क केलेली गाडी आणि भिंत यांच्यामधली बोळ ही पहिली पसंती. दुसरी पाणवठ्याच्या बाजूला, तिसरी गच्चीवर टाकीखाली. आमिष म्हणून दूध किंवा मासे ठेवू नका, मांजराऐवजी उंदीर येतील. रात्री साडेनऊला मांडायची, पहाटे झाडणाऱ्या मावशी यायच्या आत पाहायची. आणि वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिला ठसा त्यांच्या चपलेचा मिळेल.

ठसे असे वाचा:
- मांजर: चार बोटं, नखांची खूण नाही. मागच्या गादीच्या खालच्या कडेला तीन फुगीर भाग. वाघाचा ठसाही असाच, फक्त बशीएवढा.
- कुत्रा: चार बोटं आणि पुढे नखांचे टोकदार ठिपके.
- उंदीर, खार: पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच.
- पाल, सरडा: दोन्हीकडे बारीक पाय आणि मधून शेपटीची रेघ.
- पारवा: तीन बोटं पुढे, एक मागे, पावलं आतल्या बाजूला वळलेली.
- चिमणी: दोन पाय जोडीने, कारण ती उड्या मारते.

कायमचा ठसा हवा असेल तर रांगोळी चालत नाही, माती लागते. अर्धी बादली माती चाळून त्याच मापाच्या ट्रेमध्ये अडीच सेंटिमीटर पसरा. मुठीत दाबली तर लाडू वळेल आणि बोट टोचलं तर फुटेल इतकीच ओल हवी. ठसा मिळाल्यावर पुठ्ठ्याची ४ सेंटिमीटर रुंद पट्टी गोल करून, टोकं क्लिपने जोडून ठशाभोवती हलकेच रोवा. प्लास्टिकच्या वाटीत एक भाग पाणी घ्या, त्यात दोन भाग पीओपी भुरभुरवत टाका. उलट केलं तर गुठळ्या होतात. मिनिटभर सावकाश ढवळा, फेटू नका, बुडबुडे धरतात. मग ठशावर थेट न ओतता कडेला ओता आणि आत वाहू द्या. चाळीस मिनिटांनी उचला, पण माती दुसऱ्या दिवशी जुन्या टूथब्रशने काढा.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. घट्ट होताना प्लास्टर तापतं, त्यात मुलांनी हात रोवून ‘माझा पंजा’ करायचा नाही, भाजतं. आणि उरलेलं प्लास्टर किंवा वाटी बेसिनमध्ये धुवायची नाही, ते पाईपमध्येच दगड होतं. वाटीत सुकू द्या, वाटी दाबली की तुकडे पडतात, ते कचऱ्यात.

७. रात्रीची गस्त

टॉर्च कपाळाशी किंवा डोळ्यांच्या रेषेत धरा आणि सोसायटीच्या हिरवळीवर चार-पाच मीटर पुढे हळूहळू फिरवा. गवतात दवबिंदूसारखे निळे-हिरवे ठिपके चमकतील. जवळ जा: प्रत्येक ठिपका म्हणजे एक लांडगा कोळी. मांजराचे, वाघाचे डोळे ज्या कारणाने चमकतात तेच इथेही आहे, डोळ्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. टॉर्च कमरेजवळ धरली तर काहीच दिसत नाही, कारण प्रकाश जिथून आला तिकडेच परततो. एका फेरीत कोण किती ‘वाघ’ मोजतो याची चुरस लावा. पायांत बूट हवेतच, दगड-विटा हाताने उचलायच्या नाहीत. साप दिसला तर मागे सरा, नजर त्याच्यावर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा. या फेरीला एका मोठ्या माणसाच्या खिशात फोन असू द्या.

दुसऱ्या रात्री चादर. बाल्कनीत पांढरी चादर ताणून बांधा, तिच्यापुढे फूटभर अंतरावर बल्ब. पिवळसर एलईडीला किडे फारसे येत नाहीत. जुना सीएफएल असेल तर तो लावा. आठ ते दहा ही वेळ भरात असते. दमट, वारा नसलेली, चंद्र नसलेली रात्र निवडा. आजूबाजूचे दिवे बंद. वायर आणि बल्ब पावसाच्या टप्प्यात नकोत. दहाला दिवा विझवा, पतंगांनाही रात्रीची कामं असतात.

एक धोका: पावसाळ्यात काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा, मुंगीसारखा लांबट किडा येतो. अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकरीने उडवा. त्याच्या रसाने कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. लागलाच तर साबणाने लगेच धुवा.

चादरीवर थोड्याच वेळात पाल हजर होते, आणि इथे गाभा क्षेत्राचा थरार सुरू होतो. टॉर्चला लाल कागद बांधा, दोन हात दूर बसा. कोणती पाल आधी पतंग धरेल यावर शेंगदाण्यांची पैज लावा. पालींच्या हद्दी ठरलेल्या असतात. मोठी आली की धाकटी चौकटीमागे सरकते. शेपटी वळवळायला लागली की पुढच्या दोन सेकंदांत झडप. पाल विषारी नाही. ती चुकचुकली म्हणून पैज रद्द करायची का, ते आजी ठरवतील.

दिवसाउजेडी भिंतीवर आखूड पायांचा, केसाळ, मान वळवून बघणारा कोळी दिसला तर त्याच्यासमोर छोटा आरसा धरा. नर असेल तर प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून पुढचे पाय उचलतो, डावीकडे-उजवीकडे नाचतो. बोट हळू सरकवलंत तर तो वळून पाहत राहील. मोठी माणसं याच्यासमोर मुलांपेक्षा जास्त वेळ बसतात. दोन-तीन मिनिटांनी आरसा काढून घ्या, दमतो बिचारा.

८. पाऊस लागला तर: वाघ-बकरी

फरशीवर खडूने पाच उभ्या, पाच आडव्या रेघा मारा. २५ बिंदू होतील. आता पटाचे चार सारखे चौरस पाडा आणि प्रत्येकात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारा. असे पट महाराष्ट्रातल्या लेण्यांत आणि किल्ल्यांवर दगडात कोरलेले सापडतात. मांडणीचे प्रकार अनेक आहेत, हा त्यातला सोपा.

चार सागरगोटे म्हणजे वाघ, चार कोपऱ्यांत. वीस चिंचोके म्हणजे शेळ्या, सुरुवातीला पटाबाहेर. शेळीवाला दर खेपेला एक शेळी रिकाम्या बिंदूवर ठेवतो. वीसही पटावर येईपर्यंत ठेवलेली शेळी हलवता येत नाही. वाघ रेघेवरून एक घर सरकतो किंवा शेजारच्या शेळीवरून सरळ रेषेत रिकाम्या बिंदूवर उडी मारून तिला खातो. पाच शेळ्या गेल्या की वाघ जिंकला. चारही वाघ कोंडले की शेळ्या जिंकल्या.

नवखे पहिली शेळी मध्यभागी ठेवतात आणि पाच मिनिटांत हरतात. कडेवरच्या शेळीला फक्त कडेच्या रेघेवरूनच खाता येतं, म्हणून सुरुवात बाजूच्या मधल्या बिंदूवरून करा. वाघ शेजारी आला की शेळीच्या पलीकडचा बिंदू भरा.

अंगातली रग जिरवायला ‘वाघ-चितळ’. खोलीच्या मध्यभागी एक जण डोळ्यांवर पट्टी बांधून बसतो, तो चितळ. त्याच्यासमोर किल्ल्यांचा जुडगा. फरशीवर चुरगळलेली वर्तमानपत्रं आणि सुकलेली पानं. वाघाने भिंतीपासून येऊन जुडगा उचलायचा. आवाज आला की चितळ हाक देऊन बोट दाखवतो; बोट बरोबर असेल तर वाघ परत भिंतीशी. वेळ तीन मिनिटं. वाघ लांब पाठलाग न करता गुपचूप जवळ येऊन झडप का घालतो, हे वेगळं शिकवावं लागत नाही. खेळ दुपारी दोन ते चार नको, खालच्या मजल्यावर झोपलेले असतात.

९. महिनाभर चालणारा तपास: कढीपत्त्याची कुंडी

बाकीचे खेळ चार दिवसांचे, हा लांबतो. कढीपत्ता किंवा लिंबाच्या कोवळ्या पानांवर लिंबाळी फुलपाखरू एकेक पिवळसर अंडं घालतं, खसखशीहून जरा मोठं. तीन ते सहा दिवसांत अळी. आधी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. नंतर हिरवीगार होते. हलकेच डिवचली तर डोक्यामागून नारिंगी दुबेळकं बाहेर काढते आणि घमघमाट सोडते. एकदाच करून पाहा, रोज नको. दोन-तीन आठवड्यांनी कोष, त्यातून साधारण आठ-दहा दिवसांत फुलपाखरू. थंडीत सगळंच लांबतं.

नर्सरीतून नुकतं आणलेलं रोप यासाठी घेऊ नका, त्यावर फवारणी झालेली असते आणि अळ्या मरतात. घरातलं जुनं झाड हवं, आणि तेवढे दिवस फोडणीला कढीपत्ता मंडईतून आणा. कुंडीवर मच्छरदाणीचं कापड सैल बांधा. कोषाला गोल भोक पडून त्यातून बारीक गांधीलमाशी निघाली तर तुमची चूक नाही; तिने आधीच आत अंडी घातलेली असतात. मुलं हिरमुसतील, पण वहीत ही नोंद फुलपाखरापेक्षा मोठी. फुलपाखरू बाहेर पडताना मदत करू नका. पंख वाळायला त्याला उलटं लटकावं लागतं, म्हणून कोषाखाली वीतभर जागा मोकळी असू द्या.

याच काळात ‘आपण पोपट पाळू या’ किंवा ‘कासव आणू या’ असा हट्ट हमखास निघतो. आपल्याकडचे पोपट आणि चांदणी कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग दुकानदार काहीही म्हणो.

१०. नोंदवही आणि गुण

रकाने पाच: वेळ, जागा, काय दिसलं, ते काय करत होतं, आधी कोणी पाहिलं. नुसतं दिसलं तर १ गुण. ते काय करत होतं हे सांगता आलं तर ३. प्राणी न दिसता फक्त खुणेवरून ओळखला तर ५. यादी वाढवण्यावर गुण ठेवलेत तर मुलं कावळे मोजत पळतात. वागण्यावर ठेवलेत तर एकाच कावळ्यासमोर बसून राहतात.

फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर घरचा पत्ता उघड होऊ नये म्हणून ठिकाण ‘अस्पष्ट’ करायचा पर्याय आधी निवडा.

११. आवरताना

रांगोळी चाळून बरणीत, पुन्हा वापरता येते. चादर झटकून, चुकून अडकलेले पतंग सोडून मगच धुवा. दुर्बिणीच्या काचा आधी फुग्याने किंवा मऊ ब्रशने झाडा, मग कापड. धूळ तशीच पुसली तर ओरखडे पडतात. पुण्याच्या पावसाळ्यात दुर्बीण चामड्याच्या खोक्यात बंद करून कपाटात ठेवली तर दोन महिन्यांत काचेवर बुरशीची जाळी धरते. हवाबंद डब्यात, तांदळाबरोबर नव्हे (पीठ उडतं), सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांसोबत ठेवा. निळ्या पुड्या गुलाबी झाल्या की बदला. डब्यावर पुढच्या सफारीच्या परवान्याची तारीख लिहून ठेवा, आणि वार मंगळवार नाही ना तेवढं पाहा.